काशी बोटीतून नाही, पायाने बघा

तर झालं असं की टूरवाल्यांनी वाराणसीच्या तीन दिवसांत "घाट दर्शन" ह्या आयटमला दिला होता बरोब्बर एक तास, तोही बोटीतून, अंधारात, आरतीच्या गर्दीत. बोटीला बोट चिकटलेली, पुढच्या बोटीतला एक काका उभा राहून मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतोय, आणि त्याच्या स्वेटरच्या पाठीकडे बघत मी आणि आईने गंगा आरती "केली". परत येताना आई एवढंच म्हणाली, "तुला दिसलं का गं काही?" दुसऱ्या दिवशी बस सारनाथला गेली आणि आम्ही दोघींनी सरळ दांडी मारली.

सकाळी साडेसहाला अस्सी घाटावर. डिसेंबर होता, धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. ह्या अस्सी नावाची खरं तर एक नदी, वरुणा आणि अस्सी मिळून वाराणसी म्हणतात ना, त्यातली. आता तिचा नाला झालाय. (हे वाचून पुण्यात बसून हसायची सोय नाही, माहितीये मला.) घाटावर आधी मलइयो खाल्लं. थंडीतच मिळतं, केशर घातलेल्या दुधाचा नुसता फेस, कुल्हडमध्ये. आईने दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, खाल्लं की नाही तेच कळत नाहीये, अजून एक सांग.

आणि मग चालायला लागलो. मला हेच सांगायचंय खरं तर, की हे घाट सलग आहेत! अस्सीपासून पार राजघाटापर्यंत, साधारण सहा-साडेसहा किलोमीटर, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला पायऱ्या, मधे एकही रस्ता ओलांडायचा नाही, एकही हॉर्न नाही. आपल्याकडे कुठल्या शहरात नदीकाठाने असं चालता येतं सांगा. मुठेच्या काठाने डेक्कन ते ओंकारेश्वर चालून दाखवा, गाड्या, भिंत, पार्किंग, परत गाड्या. फक्त पावसाळ्यात जाऊ नका, पाणी चढलं की खालचे घाट बुडतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाटच राहत नाही. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा थर, तो पंप लावून परत नदीतच ढकलतात.

पहिला अर्धा तास नुसतं "दीदी, नाव?" "माताजी, नाव?" (नाव म्हणजे होडी), दर वीस पावलांवर एक. आईने शेवटी एकाला सांगितलं, बेटा, पैर हैं. तोही हसला.

अस्सीच्या जवळच भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे, स्मारक आहे, घाटावरून पाच-सात मिनिटं आत. आमच्या टूरच्या कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि टूर मराठी बरं का. पुढे काशीचा राजा चेतसिंह, त्याचा किल्ला लागतो, उंच सरळ भिंत. 1781 साली वॉरन हेस्टिंग्जने ह्या राजाला इथे कैदेत टाकलं तर पठ्ठ्या पगड्या एकमेकींना बांधून खिडकीतून नदीत उतरून पळाला म्हणे. त्या भिंतीखाली आता पोरं क्रिकेट खेळतात, तिसऱ्या पायरीवर विकेट, पाण्यात बॉल गेला की बॅट्समन आऊट आणि बॉल त्यानेच आणायचा. डिसेंबरच्या थंडीत! बाकी दशाश्वमेधपर्यंतचं सगळं सांगत बसत नाही. केदार घाटाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या छान दिसतात, दशाश्वमेधवर दिवसासुद्धा गर्दीच.

मणिकर्णिकेला, म्हणजे चिता जळतात त्या घाटावर, मात्र आम्ही दोघी गप्प झालो. लाकडाच्या थप्प्या घरांएवढ्या, बाजूला मोठा तराजू, लाकूड तोलून देतात. कोणी रडत नव्हतं, बकऱ्या फिरत होत्या, चहावाला चहा देत होता. फोटो काढू नका, तिथे चालत नाही आणि काढावासा वाटूही नये. आई दर चातुर्मासात एकनाथी भागवत वाचते. एकदम म्हणाली, नाथांनी ते इथेच पुरं केलं ना गं, काशीत? हो, 1573 साली. पैठणहून इथवर, गोदेच्या काठावरून गंगेच्या काठावर, चालतच आले असणार. आई मग बराच वेळ काही बोलली नाही.

त्याच्या लगेच पुढे शिंदे घाट आणि तिथे ते तिरकं देऊळ, रत्नेश्वर महादेव, अख्खं मागे कललेलं. वर्षातले बरेच महिने गाभाऱ्यात पाणी किंवा गाळ. घाट बांधला बायजाबाई शिंद्यांनी, 1830 च्या सुमारास, म्हणजे आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. दगडाचं वजन इतकं झालं की घाटच खचला. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. आणि विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास परत उभं केलं ते तर सगळ्यांना माहितीच आहे. मला "बघा आपली माणसं किती थोर" असली पोस्ट लिहायची नाहीये, राजस्थानचे राजे, दरभंग्याचे, नेपाळचे, सगळ्यांनीच इथे बांधलंय. पण तासाभरात बोटीतून लांबून बघितलं तर हे सगळं एकच रांग दिसते, मागे निऑनचे दिवे.

दुपारी एक युक्ती कळली. घाट पश्चिम काठावर, म्हणून सकाळी ऊन समोरून तोंडावर येतं आणि दुपारनंतर मागच्या वाड्यांचीच सावली पायऱ्यांवर पडते. गुडघेवाल्यांनी (आई, सॉरी) तेव्हा बसून घ्यावं. आम्ही पंचगंगा घाटाच्या पुढे दुर्गा घाटावर बसलो. वरच्या खिडकीतून आवाज, "अहो, तिथे नका बसू, माकडं येतात, पिशवी नेतील!" मराठीत! पिढ्यानपिढ्या तिथे राहणारी मराठी घरं आहेत ह्या भागात. काकूंचं मराठी अगदी शुद्ध पण हेल पक्का बनारसी, "आपण कुठून आलात, भोजन झालं का?" आईचं आणि त्यांचं खिडकीतून खाली-वर असं अर्धा तास चाललं. आईने पिशवीतून तांब्याचा गडू काढून दाखवला, गंगा भरून न्यायचीये म्हणून. तर काकू म्हणाल्या, आत्ता नका भरू, दिवसभर साबण चालतो खाली, पहाटे या.

आमची ट्रेन दुसऱ्या दिवशी साडेअकराची होती. पहाटे पाचला आई स्वेटर घालून, गडू हातात घेऊन दारात उभी.