शेगडी पेटते, म्हणून टाकी ठीक असं नाही

गोव्यातल्या सोसायट्या आणि हॉटेलांच्या बायोगॅस टाक्यांबद्दल एक सल्ला फिरतो आहे: शेगडी पेटते, पीएच सातच्या वर आहे, म्हणजे जिवाणू ठणठणीत; बाकी चाचण्या निव्वळ खर्च; गॅस घटला तर जिवाणूंची पावडर टाका. यावर विसंबून टाकी बंद पडली, तर ती पुन्हा चालू करायला आठवडे जातात आणि तोवरचा ओला कचरा साळगाव-काकोड्याच्या कचरा प्रकल्पांवर पडतो.

आधी पीएच. टाकीत आम्लं तयार होतात आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव ती संपवतात. ते मंदावले की आम्ल साचतं, पण स्लरीतलं, म्हणजे टाकीतल्या पातळ लगद्यातलं बायकार्बोनेट हा क्षार काही काळ ते झेलतं. पीएच घसरलेला दिसतो तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडे त्यात बांगड्या-तारल्यांची डोकी आणि आतडी. त्यांच्या प्रथिनांतून सुटणारा अमोनिया पीएच वर धरतो आणि त्याच वेळी मिथेनकर्त्यांना दाबतो. आकडा ७.८ आणि टाकी आजारी, हे सहज घडतं. चतुर्थीनंतर मासे एकदम सुरू होतात तेव्हा तर विशेष जपावं.

म्हणून आम्ल आणि क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, मोजा. गाळलेल्या २० मिली नमुन्यात ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल सोडत पीएच ५.० वर, मग ४.४ वर आणायचा. लागलेल्या आम्लावरून आम्ल भागिले क्षारता हे गुणोत्तर निघतं. ते ०.४ च्या पुढे चढू लागलं की खाद्य कमी करावं. मात्र अमोनियाने क्षारताही फुगते, तेव्हा आम्लाचा आकडा वेगळा पाहायलाच हवा. ब्युरेट आणि पीएच मीटर एवढ्यावर हे भागतं. मोठा खर्च कुठे आहे?

पेटती शेगडी सांगते ते एवढंच, की गॅसमध्ये जळण्यापुरता मिथेन आहे. सूक्ष्मजीवांचा जोर कळायला टाकीतला गाळ हवाबंद बाटलीत ॲसिटेट (ॲसिटिक आम्लाचा क्षार, त्यांचं खाद्य) देऊन ३५ अंशांवर ठेवतात आणि मिथेन मोजतात. ॲसिटेट नसलेल्या बाटलीचा वजा करतात.

राहिली पावडर. मिथेन बनवणारे जिवाणू नव्हेतच, ते आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. त्यांना प्राणवायू सोसत नाही आणि ॲसिटेटवर जगणाऱ्या काहींना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. पाकिटावर बॅसिलस (जिवाणूंचा एक गट) लिहिलं असेल, तर त्यातून मिथेन येणार नाही. खाद्य थांबवा, चालत्या गोबरगॅसची ताजी स्लरी घाला. अमोनिया जास्त असेल तर पाण्याने पातळ करा. चुना टाकू नका. पीएच चढला की घातक मुक्त अमोनिया आणखी वाढतो.