50 दिवस झाले, आमच्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचं काय?

आज 17 जानेवारी 2020. सकाळी बेळगावच्या हुतात्मा चौकात फुलं वाहून घरी आलो आणि मग कळलं, महाराष्ट्राचे राज्यमंत्री राजेंद्र पाटील यड्रावकर अभिवादनाला बेळगावात आले, तर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून जीव दिलेल्या 1956 च्या हुतात्म्यांसमोर डोकं टेकवायला कुणाची परवानगी लागते? तेव्हापासून डोकं सणकलंय.

28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आज 50 दिवस झाले. छगन भुजबळ आणि एकनाथ शिंदे यांना सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्री नेमलं. 1986 ला भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते, वडील अजून सांगतात. नेमलं, बरं वाटलं. पुढं?

मागच्या आठवड्यात आईला घेऊन एका कचेरीत शेताचा उतारा काढायला गेलो. कागद सगळा कानडी. आई सातवी शिकलेली, रोज पेपर वाचते. चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि कागद माझ्याकडं दिला, "ह्यात माझं नाव कुठं हाय रे?" स्वतःच्या शेताच्या कागदावर! मीही बोट फिरवत अक्षरं जुळवत बसलो.

बहीण शिनोळीला दिलीय, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. अर्ध्या तासाची वाट. तिकडं 2 लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची चर्चा, दाजी सातबारा घेऊन बसलेत, मराठीतला. त्यांचं भलं होतंय, आनंदच आहे. नागपूर अधिवेशनात लगेच जाहीर केलं, शाबास. मग हीच घाई आमच्या दाव्याला का नाही? महाराष्ट्रानं घातलेला हा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, 865 गावं महाराष्ट्रात यायची वाट बघतायत.

कोर्टाची तारीख सरकारच्या हातात नसते, मान्य. तीन पक्षांना सांभाळून घ्यायचं, तेही मान्य. पण वकिलांच्या मागं लागणं तर हातात आहे ना? भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असतील तिथं कागद त्यांच्या भाषेत मिळायला हवेत, हे कर्नाटकला ठणकावून सांगणं तर हातात आहे ना?

यड्रावकर अडवतील हे माहीत असून आले, ते विसरणार नाही. आपलं माणूस आलं की मन भरून येतं. भुजबळसाहेब, शिंदेसाहेब, तुम्हीही या. येताना दावा कुठवर आला तेवढं सांगा, बस्स. आम्ही रागावतो ते तुम्हाला आपलं मानतो म्हणूनच.

तो उतारा आईनं देवघराशेजारी ठेवलाय. स्वतःच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय, पुढच्या वेळी सापडावं म्हणून.