इंजिन घ्याल, पण ठेवाल कुठे?

आमच्या जुन्या रेल्वेवेड्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. विद्युतीकरण जवळपास उरकलं, डिझेल इंजिनं भंगारात निघाली. मग वर्गणी काढून एखादं डब्ल्यूडीएम-२, म्हणजे भारतीय रेल्वेचं ते जुनं ११२ टनी डिझेल इंजिन, आपणच का घेऊ नये? विरोधकांच्या मते हे श्रीमंतांचे चोचले. मी इंग्लंडात राहतो म्हणून साक्षीला दोघंही मलाच ओढतात.

तर साक्ष. इथे आम्ही अकरा जण ब्रिटिश रेल्वेच्या एका जुन्या क्लास ३७ डिझेल इंजिनाचे मालक आहोत. वजन शंभर टनांवर, ताकद १७५० अश्वशक्ती, वय साठीच्या पुढे. श्रीमंत एकही नाही. एक बस चालवतो, दोघं इलेक्ट्रिशियन, एक निवृत्त शिक्षिका. इंजिन भंगाराच्या भावात मिळालं. पुढे मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सगळे आधी डिझेलचं विचारतात. पण आमचं इंजिन वर्षातून मोजकेच दिवस धावतं. पैसा खातं ते उभ्या उभ्या: ते उभं करायच्या बाजूच्या रुळाचं (साइडिंगचं) भाडं, विमा, गंज, न वापरताच मरणाऱ्या बॅटऱ्या. चाकं फिरवणारी एक ट्रॅक्शन मोटर जळाली आणि दोन वर्षांची शिल्लक गेली.

जानेवारीतल्या एका शनिवारी स्टार्ट देण्याआधी बाराही सिलिंडरचे कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, उघडून आम्ही क्रँकशाफ्ट हाताने फिरवत होतो. एका कॉकमधून चमचाभर पाणी आलं. पाणी काही दाबलं जात नाही; न बघता स्टार्ट दिला असता तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला असता. आता त्या सिलिंडरचं हेड उतरवायचं, म्हणजे पुढचे सहा शनिवार गेले. मजुरी शून्य, म्हणून तर परवडतं.

तरीही पैसा ही दुसरी अडचण. पहिली रुळांची. इथे १९६० च्या दशकात हजारो मैलांचे रेल्वेफाटे बंद झाले, त्यांतले काही हौशी लोकांनी घेतले, आणि त्या रुळांवर आमच्यासारख्यांची इंजिनं ताशी २५ मैलांनी फिरतात. आपल्याकडे कंटेनर गाड्यांचे वाघिणी-डबे खासगी कंपन्यांचे असू शकतात, पण ते ओढायला इंजिन रेल्वेचंच. आपलं इंजिन फिरवायचं कुठे?

कोणीतरी विदर्भातल्या शकुंतलेचं नाव काढलं. मूर्तिजापूरहून यवतमाळ-अचलपूरला जाणारी, मालकी खासगी कंपनीची, १९९४ पर्यंत वाफेवर चालणारी ती नॅरोगेज. आता बंद आहे. माझंही मन क्षणभर तिकडे धावलं. पण डब्ल्यूडीएम-२ ब्रॉडगेजचं, शिवाय तिथल्या लोकांना ब्रॉडगेजची खरी गाडी हवी आहे, आमचं खेळणं नको. त्यांचं काय चुकलं?

म्हणून मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: आधी रूळ दाखवा. डब्ल्यूडीएम-२ नुसतं चालू ठेवलं तरी तासाला पंचवीसेक लिटर डिझेल पितं, तो हिशेब नंतर करू.

दहा मिनिटांत एकाचं उत्तर आलं. त्याच्या शेताच्या बांधाला जागा आहे म्हणे. ११२ टन. बांधावर.