घरात आहे त्यावरच महिना कसा काढावा

सर्वप्रथम अभिनंदन! तोच व्हिडिओ तुमच्याही हाती लागलेला दिसतोय. 'महिनाभर किराणा बंद, घरात आहे तेच खायचं, बघा किती पैसे वाचतात.' आमच्याकडे तो गेल्या रविवारी दुपारी, मटणाच्या जेवणानंतर पाहिला गेला. (पोट तुडुंब असलं की काटकसर फार सुचते.) सोमवारपासून अंमलबजावणी. तेव्हा स्वानुभवातून आलेल्या या सूचना.

घोषणा सोफ्यावरून करावी. स्वयंपाकघरात जाऊन केलीत तर कुणीतरी हातात लसूण सोलायला देईल.

मग साठ्याची मोजदाद. सगळे डबे ओट्यावर काढावेत आणि तसेच ठेवून ऑफिसला निघून जावं. कशात काय आहे ते उघडून, वास घेऊन ओळखायच्या भानगडीत पडू नये, हाक मारून विचारावं. हुलग्याचं पीठ आणि थालीपिठाची भाजणी यांतला फरक चाळिशीपर्यंत कळलाच पाहिजे असा काही कायदा नाही.

साठ्यात काय धरायचं हेही ठरवून घ्या. दीड वर्षापूर्वी वजन उतरवायचा झटका आला होता तेव्हाची किनोआची 2 पाकिटं, ओट्सची 3 आणि चिया नावाचा तो सब्जाचा लांबचा नातेवाईक, हे धरायचं नाही. साठा म्हणजे डाळ, तांदूळ आणि गावाहून आईंनी पाठवलेलं.

तांदळात टोके निघाले तर 'चला, प्रोटीन!' असा विनोद करावा. निवडायला बसू नये.

रात्री साडेदहाला मोबाइलवरून मागवलेलं आइस्क्रीम हा किराणा नव्हे.

भाजी संपली की कुरडया तळायला सांगाव्यात. आमच्याकडे बुधवारी संपली. बुधवारी कुरडया, गुरुवारी कुरडया, शुक्रवारी कुरडयांची भाजी. वर शेरा, "बघ, फुकटात भागलं की नाही?"

फुकटात! गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर घरभर आंबूस वास. मग वाटायचे, पिळून पिळून चोथा काढायचा, चीक रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे उठून वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पातेल्यावर उभं राहून तो घोटायचा. हात जरा थांबला की गाठी. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, कारण गार झाला की तो दाबता दाबत नाही. ऊन तापायच्या आत गच्चीवर जाऊन घालायच्या. दिवसभर कावळे हाकायचे, संध्याकाळी उचलायच्या, सकाळी परत पसरायच्या. एप्रिलपासून आईंच्या मनगटाला पट्टा आहे. आणि त्या कुरडया पोळ्याला, गौरींना, वर्षभराच्या पुरणावरणाच्या ताटाला पुरवायच्या होत्या. मोजून. तीन दिवसांत डबा तळाला गेला, का, तर एका माणसाला रीलमध्ये कुणीतरी 'चॅलेंज' दिलं!

आईंना हे चॅलेंज प्रकरण समजावून सांगायला गेले. त्या नगरकडच्या, 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावरची सुकडी आणि ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेली बाई. शांतपणे म्हणाल्या, "आणि मग महिना संपल्यावर काय करायचं असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

काल साहेबांनी वहीत हिशेब मांडला. आठवड्यात 1,800 रुपये वाचले म्हणे. ग्रुपवर फोटोही टाकला, सतरा अंगठे आले.

अहो, वाचले नाहीत ते! ते आम्ही दोघींनी उन्हाळ्यात गच्चीवर आधीच भरलेत. पूर्वी मृगाच्या आत बायका बेगमी करून ठेवत, कारण पावसात वाट बंद व्हायची, बाजार मिळायचा नाही. तुमच्या वाटेत कोपऱ्यावर तीन दुकानं आहेत! डबा रिकामा करायला अक्कल लागत नाही, भरायला लागते, आणि भरताना तुम्ही कुठे होतात? गच्चीवर एकदा आला होतात, तेही फोनला रेंज मिळत नव्हती म्हणून.

आज रात्री किनोआ शिजतोय. दोन्ही पाकिटं. उद्या ओट्स, परवा चिया. आणि ते डबे सोमवारपासून ओट्यावरच आहेत. उठा आणि जागच्या जागी ठेवा. कुठला कुठे ठेवायचा ते विचारायला हाक मारायची नाही.