‘आफ्रिकेत स्वतः गाडी चालवून सफारी? पाच लाखही जातील आणि जीवही’ : दाव्यागणिक उत्तर

सुट्टीचे बेत सुरू झाले की एक मजकूर हमखास ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: आफ्रिकेची सफारी माणशी पाच लाखांच्या खाली होतच नाही. स्वतः गाडी चालवायची तर फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) लागते. तंबूत झोपणं म्हणजे सिंहापुढे ताट वाढून ठेवणं. गाईड नसेल तर हरणांपलीकडे काही दिसत नाही. शाकाहारी माणसाचे हाल होतात. आपलं लायसन्स तिथे चालत नाही, आणि पिवळ्या तापाची लस मात्र सक्तीची.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान आफ्रिकेत कुठे ना कुठे खरं आहे, आणि गोम तिथेच आहे. बोट्स्वानातल्या मोरेमी-सावुटीच्या वाळूत फोर बाय फोरशिवाय गाडी रुतते, आणि तिथल्या कॅम्पांना कुंपण नसतं. टांझानियातल्या सेरेंगेटीत परदेशी पाहुण्यांची प्रवेश-शुल्कं डॉलरमध्ये, घसघशीत. या सगळ्या जागांच्या अडचणी एका पातेल्यात घालून मजकूरकर्त्याने ‘आफ्रिका’ शिजवली आहे. बेताच्या पैशांत स्वतः गाडी चालवून तंबूत राहायचं असेल तर पहिलं नाव येतं दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचं. ते सरकारी आहे आणि मुळात सामान्य गाड्यांसाठी आखलेलं आहे. क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा मोठं. खालचं उत्तर क्रूगरपुरतं आहे.

‘माणशी पाच लाख’

चार मोठी माणसं, उद्यानात सात रात्री, गाडी नऊ दिवस, असा हिशेब मांडू. एक रँड (तिथलं चलन) पाच रुपयांचा धरला आहे. आकडे अंदाजाचे आहेत, बुकिंगच्या दिवशीचे भाव घालून पुन्हा मांडा.

परदेशी पाहुण्याला दर दिवशी संवर्धन शुल्क पडतं, ते ६०० रँड धरा: चौघांचे सात दिवसांचे १६,८००. तंबूची जागा चौघांना रात्री ७०० प्रमाणे ४,९००. एर्टिगासारखी गाडी रोजी ८०० प्रमाणे ७,२००. जोहान्सबर्गहून जाऊन-येऊन आणि आतलं फिरणं धरून १,८०० किलोमीटर, म्हणजे पेट्रोल-टोलचे ३,३००. किराणा ४,५००, तंबू-गाद्या-भांडी भाड्याने ४,५००, विमानतळाजवळ एका रात्रीचे १,५००. बेरीज ४२,७०० रँड, म्हणजे माणशी साधारण ५३ हजार रुपये. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा वेगळा. तिकीट साठ हजारांत मिळालं तरी एकूण सव्वा लाखाच्या आत-बाहेर राहता.

या हिशेबात सर्वांत मोठा आकडा गाडीचा नाही, तंबूचाही नाही. तो शुल्काचा आहे, आणि शुल्क माणशी आणि दिवसागणिक चढतं. म्हणून मुक्काम लांबणार असेल तर वार्षिक ‘वाईल्ड कार्ड’चा भाव बघा, ते घेतलं की रोजचं शुल्क पडत नाही. जोडप्याच्या कार्डाच्या किमतीला दोघांच्या एका दिवसाच्या शुल्काने भागा. उत्तरापेक्षा जास्त दिवस राहणार असाल तर कार्ड घ्या. जोडप्यासाठी हा काटा सहा-सात दिवसांच्या आसपास फिरतो.

एक गोष्ट मात्र तंबूच्या भक्तांनाही सांगायला हवी. दोघंच जाणार असाल तर तंबूने फारसं वाचत नाही. सामानाचं भाडं दोघांच्याच डोक्यावर बसतं आणि जागेचा मूळ दर तसाही दोन माणसांचा असतो. अशा वेळी प्रिटोरियसकोप किंवा लेटाबा या कॅम्पांतल्या सामाईक न्हाणीघराच्या साध्या झोपड्यांचा दर आधी विचारा. तंबूचं गणित चार ते सहा माणसांत जमतं. एका जागेवर सहापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत.

‘फोर बाय फोरच लागते’

उद्यानात आठशेहून अधिक किलोमीटर डांबरी रस्ता आहे, आणि खडीचा त्याहून जास्त. नकाशावर ‘एच’ने सुरू होणारे रस्ते मुख्य, बहुतेक डांबरी, ‘एस’चे बहुतेक खडीचे. कोरड्या दिवसांत दोन्हींवर साधी हॅचबॅक जाते. मोठा पाऊस झाला की काही खडीचे रस्ते उद्यानच बंद करतं, तेव्हा फोर बाय फोरवाल्यालाही मागे फिरावं लागतं.

गाडी निवडताना चाकांपेक्षा दोन गोष्टी बघा. पहिली बसण्याची उंची: गवताच्या वरून नजर गेली तरच जनावर दिसतं. दुसरी डिकी: चार माणसं, दोन तंबू आणि शीतपेटी स्विफ्टमध्ये मावत नाहीत, म्हणून वर एर्टिगा धरली. (या दोन्ही गाड्या तिथे भारतातूनच जातात, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, तेव्हा स्टिअरिंगला हात सरावलेलाच असतो.)

लोक फसतात ते भाड्याच्या करारात. मूळ विम्यात टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, आणि खडीच्या रस्त्यावर नेमकं तेच फुटतं. म्हणून ते कलम वाचून जादा संरक्षण घ्या. किलोमीटरची मर्यादा आहे का पाहा. रोजी २०० ची असेल तर नऊ दिवसांत १,८०० काठावर येतात. चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड पुढे केलं की काउंटरवर बहुतेकदा गाडी मिळत नाही. स्टेपनी, जॅक आणि पाना ताब्यात घेतानाच उघडून बघा.

वेगमर्यादा डांबरीवर ताशी ५०, खडीवर ४०. पण थांबत-बघत जाताना सरासरी २५ च्या वर जात नाही. स्कुकुझा ते सातारा (हो, कॅम्पचं नाव सातारा असंच आहे) नव्वदेक किलोमीटर आहे. आपल्या हिशेबाने दोन तास, तिथल्या हिशेबाने चार. कॅम्पची फाटकं मे ते जुलैमध्ये संध्याकाळी साडेपाचला बंद होतात, उशिरा पोचलात तर दंड. दुपारी तीननंतर ‘अजून एक पाणवठा बघू’ म्हणणाऱ्याच्या हातून नकाशा काढून घ्यावा.

‘तंबूत झोपलं तर सिंह ओढून नेईल’

क्रूगरच्या मुख्य कॅम्पांना कुंपण आहे. पलीकडून तरस फेऱ्या मारतं, रात्री सिंहाचा आवाज येतो, पण तंबूच्या बाजूला ते नसतात. सिंहाने पर्यटकाला मारल्याची जी बातमी या मजकुराबरोबर जोडलेली असते ती २०१५ मधली, जोहान्सबर्गजवळच्या एका खासगी लायन पार्कची आहे. तिथे गाडीची काच उघडी होती. तो धडा खरा आहे, फक्त त्याचा तंबूशी काही संबंध नाही.

तंबूत त्रास देतात ती वेगळी मंडळी. माकडं आणि बबून दिवसाढवळ्या ब्रेड पळवतात, तंबूची चेनही उघडतात. हनी बॅजर (मुंगसासारखा दिसणारा धीट प्राणी) रात्री कचऱ्याचे डबे पालथे घालतं. म्हणून खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही, सगळं डिकीत आणि डिकीला कुलूप. काट्यांमुळे हवेच्या गाद्या पहाटेपर्यंत बसतात, त्यामुळे फोमच्या घ्या. जमीन दगडासारखी टणक असते. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाकतात, जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी हवी. जून-जुलैत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असं समजून एक चादर नेणाऱ्याची रात्र गाडीत हीटर लावून जाते.

विजेच्या जागा असलेल्या कॅम्पात प्लग निळा, कॅरॅव्हॅनचा असतो. त्याचं अडॅप्टर सामानाच्या यादीत मागून घ्या. एरवी तिथली जाड तीन-पिनी आपल्या गीझरच्या १६ अँपिअरच्या पिनेसारखीच, घरचं एक्स्टेन्शन चालून जातं. बालुले आणि त्सेंद्झे या कॅम्पांत वीजच नाही.

मजकुरात ज्याचा उल्लेख नाही तो खरा धोका हत्ती. नराच्या गंडस्थळावरून मद ओघळताना दिसला, मागचे पाय लघवीने ओले दिसले, तर तो माजावर आहे. शंभर मीटरवरूनच हळूहळू मागे या. कळप रस्ता ओलांडत असेल तर पिल्लू आणि आई यांच्या मधे गाडी घालू नका. मागे यायला जागा राहील असं थांबा. पुढच्या गाडीला चिकटून थांबलात तर सुटायला वाट उरत नाही.

आणि दुसरा धोका उद्यानाबाहेरचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नुंबी फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जर्मन पर्यटकांची गाडी सशस्त्र टोळीने अडवली, त्यात एकाचा जीव गेला. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून नुंबीकडे वळवू लागलं तर ऐकू नका. फाबेनी, मलेलाने किंवा क्रोकोडाइल ब्रिज फाटक धरा. जोहान्सबर्गहून मलेलाने चारशेहून अधिक किलोमीटर, पाच तास. अंधारात हा प्रवास करायचाच नाही. विमान दुपारी उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळ काढून पहाटे निघा. वरच्या हिशेबातले १,५०० रँड यासाठीच आहेत.

‘गाईडशिवाय काही दिसत नाही’

अर्धसत्य. खासगी राखीव जंगलांत गाईड रस्ता सोडून आत घुसतो, बिबट्यासमोर अर्धा तास थांबवतो. क्रूगरमध्ये रस्ता सोडायला बंदी आहे, ते सुख तुम्हाला मिळणार नाही. पण इथे डोळ्यांपेक्षा वेळापत्रक कामाला येतं. फाटक उघडताच पहिल्या पाच गाड्यांत असा. कॅम्पातल्या फलकावर लोक कालच्या नोंदी लावतात, तो रात्रीच बघून ठेवा. कोरड्या महिन्यांत पाण्यापाशी इंजिन बंद करून तासभर बसा: लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी रस्त्याला लागूनच असतात. साताऱ्याजवळचा एस १०० सिंहांसाठी, स्कुकुझा-लोअर साबी नदीकाठचा एच ४-१ जवळजवळ सगळ्यासाठी. रात्री खासगी गाडीला बाहेर पडता येत नाही, म्हणून एक रात्र-सफारी उद्यानाच्याच गाडीतून करा. गाईडवर खर्च करायचाच तर तो इथे.

‘शाकाहाऱ्यांचे हाल’

कॅम्पांच्या सामाईक स्वयंपाकघरात विजेच्या शेगड्या, उकळतं पाणी आणि भांडी घासायचे ओटे असतात. खिचडीला आणखी काय लागतं? वीज गेली तर म्हणून एक छोटा गॅस ठेवा, पण सिलिंडर तिथेच विकत घ्या, विमानात चालत नाही. डाळ, तांदूळ, मसाले वाटेवरच्या म्बोम्बेला शहराच्या मोठ्या दुकानांत मिळतात, कारण दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाची वस्ती दीडशेहून अधिक वर्षांची आहे. मध, बिया, तूप-लोणी घरून नेऊ नका, परवान्याशिवाय ते विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकतात. पेट्रोलही मोठ्या कॅम्पात मिळतं. बालुलेत मात्र नाही.

‘लायसन्स चालत नाही, लस सक्तीची’

इंग्रजीत छापलेलं, फोटो आणि सही असलेलं लायसन्स तिथे ग्राह्य धरतात. तरी गाडीवाले आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात, तो आरटीओकडून काढा. मुदत एक वर्ष. व्हिसा मात्र हवाच. मुलं बरोबर असतील तर दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला अर्जासोबत लागतो.

पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र भारतातून थेट येणाऱ्याला लागत नाही. ते लागतं ताप असलेल्या देशातून आल्यास, किंवा अशा देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबल्यास. स्वस्त तिकिटं नेमकी अदिस अबाबा आणि नैरोबीमार्गे असतात, तेव्हा तिथला थांबा मोजा. परतताना भारतातही याची विचारणा होते. लांब थांब्याचं तिकीट असेल तर लस घेऊनच टाका. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, एकदाच, आयुष्यभरासाठी.

ज्या आजाराकडे लक्ष द्यायला हवं तो मलेरिया, आणि त्याचं मजकुरात नावही नाही. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे. पावसाळी महिन्यांत धोका जास्त, जून ते ऑगस्ट कमी. गोळ्या डॉक्टरांना विचारून, जाण्याआधीच सुरू करायच्या.

राहिला मुहूर्त. आपल्याकडची मे-जूनची शाळेची सुट्टी तिथल्या कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला येते, आणि त्यांच्या हिवाळी सुट्टीच्या आधी संपते. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. लोअर साबीची तंबूची जागा लहान आहे आणि ती आधी भरते, म्हणून क्रम असा: आधी लोअर साबीच्या दोन रात्री, मग सातारा तीन, मग दक्षिणेला क्रोकोडाइल ब्रिज किंवा बर्ग-एन-दाल दोन, आणि विमानाचं तिकीट शेवटी. प्रवास मात्र दक्षिणेकडून वर करा आणि साताऱ्याहून ऑर्पेन फाटकाने बाहेर पडा, ते तिथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे.