सगळ्यात तिखट कोणतं ते इचारू नका

काल परत एकानं विचारलं, तुझ्याकडं एवढ्या सॉसच्या बाटल्या आहेत तर त्यातला सगळ्यात तिखट कोणता? मी परत गप्प बसलो. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला कोणी विचारतं का, सगळ्यात जास्त मीठ कशात होतं म्हणून?

मी मूळचा सिल्लोड तालुक्यातला, मिरचीच्या पट्ट्यातला. आमच्याकडं उन्हाळ्यात मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर, मिरची लागते, पाऊस पडला की तोडणी सुरू, आणि तोडणीवरून आलेल्या बायकांच्या हाताची रात्रभर आग आग होते. त्यामुळं तिखट काय असतं ते मला यूट्यूबनं शिकवलेलं नाय. सॉसचा नाद मात्र नोकरीला संभाजीनगरला आल्यावर लागला आणि आता फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीला जागा उरली नाय, त्यावरून घरात जे काय होतं ते इथं लिहीत नाय.

माझी पद्धत सोपीय. नवी बाटली आली की पहिले दोन थेंब ज्वारीच्या गरम भाकरीच्या पापुद्र्यावर, सोबत काहीच नाय. मग उकडलेल्या अंड्यावर, मग खिचडीवर. आणि वहीत लिहायचं: कुठं लागलं, किती वेळानं लागलं, गेलं कधी, वास कसला आला, आणि परत घ्यावं वाटलं का. शेवटच्या प्रश्नाला नाही असं उत्तर आलं तर वरचं सगळं वाया.

टबॅस्को घ्या. अमेरिकेत लुइझियानात 1868 पासून बनतोय, मिरची, मीठ आणि व्हिनेगर, बस. मिरचीचा लगदा ओकच्या पिंपात तीन तीन वर्षं मुरवत ठेवतात. स्कोव्हिल या तिखटाच्या मापात मोजला तर 2500 ते 5000, म्हणजे आमच्या रानातल्या मिरचीपुढं काहीच नाय. जिभेच्या टोकाला चटकन लागतो आणि तेवढ्याच चटकन जातो. भाकरीवर साफ फेल. पण मुगाच्या खिचडीवर, वरून तूप असताना, पाच-सहा थेंब टाकून बघा, त्या आंबटपणानं खिचडी एकदम जागी होते. श्रीराचाचं उलटं, थायलंडच्या सी राचा गावाचं नाव, पण जगभर गाजली ती कोंबड्याच्या चित्राची कॅलिफोर्नियातली बाटली. लसूण बरा, साखर जास्त, भाकरीवर गोडमिट्ट. कांदाभज्यांसोबत मात्र चटणीची आठवण येत नाय.

आणि भूत जोलोकिया. 2007 ला गिनीजनं जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंद केली, दहा लाख स्कोव्हिलच्या वर गेलेली पहिली. ऑफिसातल्या एकानं आसामातून मोहरीच्या तेलातलं लोणचं आणलतं. झाकण उघडलं तर वास पिकलेल्या फळासारखा, खरंच. नखाएवढा तुकडा घेतला, पंधरा-वीस सेकंद काहीच नाय, मी म्हणलं हे तर उगं नाव मोठं, आणि मग घशातून जे वर आलं ते कानापर्यंत गेलं. अर्धा तास बोलती बंद. तरी दुसऱ्या दिवशी परत खाल्लं, कारण तो वास! वहीत आजपर्यंतचे सगळ्यात जास्त मार्क त्यालाच आहेत.

आता आकड्यावाल्यांचं. हल्ली मिरचीचा अर्क घातलेले सॉस येतात, लेबलवर कवटी आणि आठ-दहा लाखाचा आकडा. ऑनलाइन एक मागवला आणि गावी गेलो तवा शहाणपणा करून वरणाच्या पातेल्यात चार थेंब सोडले, म्हणलं सगळ्यांना चव कळंल. चव कसली, नुसता जाळ आणि मागून औषधासारखा कडवटपणा, मिरचीचा पत्ताच नाय. वडील न बोलता ताटावरून उठले, आणि ज्या घरात पाहुण्यालाबी हिरवा ठेचा आधी वाढतात त्या घरात मला अख्खं पातेलं फेकावं लागलं. शहरात एका कॅफेत चॅलेंजचा बर्गर खाल्ला तेव्हाबी हीच गत. आजूबाजूला मोबाईल काढून पोरं उभी आणि बर्गरमधी काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाय.

मुळात स्कोव्हिल हे काय प्रकरणय, तर 1912 मधी एका अमेरिकन औषधवाल्यानं मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्यांना तिखट लागायचं बंद होईपर्यंत. म्हणजे तिखट कधी लागत नाय त्याचा हिशोब! पेपर एक्स नावाची मिरची 2023 ला जवळपास 27 लाखावर गेली, चांगलंय, पण भाकरीसोबत कशी लागते ते कोणी सांगना.

माझं म्हणणं एवढंच, तिखटाला सोबत लागते, आणि ही गोष्ट आमच्या आईला पुस्तक न वाचता माहितीय. तिचा ठेचा बघा. चुलीवर तवा, थोडं तेल, देठं काढलेल्या मिरच्या, लसूण न सोलता, मीठ, जिरं, मूठभर शेंगदाणे. मिरच्यांच्या अंगावर पांढरे-काळे डाग पडले की तांब्याच्या बुडानं तव्यावरच रगडायचं, सगळी ताकद मनगटातून. अख्ख्या घराला ठसका. आणि ताटात वाढल्यावर वरून करडीचं कच्चं तेल. लहानपणी वाटायचं तेल चवीला असतं. पण मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाय, तेलात विरघळतं, म्हणून तो ठेचा जिभेवर एका जागी डंख न मारता सगळीकडं पसरतो. तोंड पोळल्यावर पाण्याचे तांबे रिचवून काही होत नाय ते याच्यामुळंच, दही खा. आणि तोंड ‘पोळलं’ हा शब्द तर एकदम बरोबरय, चटका आणि तिखट दोन्ही ओळखणारी नस एकच, ते शोधलं म्हणून डेव्हिड ज्युलियसला 2021 चं नोबेल मिळालं. पोपटाच्या त्या नसेला मात्र मिरची लागतच नाय, आमच्या रानात मिरच्या तोडून झाडावर निवांत खात बसतो लेकाचा.

दिवाळीला टबॅस्कोची बाटली आईला चाखायला दिली. दोन थेंब जिभेवर घेतले आणि बाटली उजेडात धरून बघितली. “काहून रे, हे इटलंय वाटतं.” म्हणलं, आई, तीन वर्षं मुरवतात ते. “तीन वर्षं? मग इटणारच की.”

बाटली तिथंच राहिली. परवा फोनवर सगळ्यांची खुशाली विचारून झाली आणि ठेवता ठेवता म्हणती, ती इटलेली बाटली संपली, येताना दुसरी आण, धिरड्यासंगं बरी लागती.