मग ती मुदत ठेवच झाली की!

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला दिला की देव दुप्पट परत करतो, असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. मग देणं कसलं ते? बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांबद्दल लिहितो. स्वतः कंगाल, तरी यरुशलेमेतल्या गरजूंसाठी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनीच त्याची विनवणी केली. पौल यालाच कृपा म्हणतो. परताव्याचं तिथे नावही नाही.

आमच्याकडे नाशिकला चर्चमध्ये हंगामाच्या सणात, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणात, द्राक्षाच्या पेट्या, मेथीच्या जुड्या, गावठी अंडी येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. मेथीची जुडी चढ्या बोलीने घ्यायची नि पुन्हा लिलावातच ठेवून द्यायची, अशीही माणसं आहेत. देणगीदारांची यादी मोठ्याने वाचणं मात्र आता बंद करा बुवा!